उत्परिवर्तन निसर्गाचे, निवड बाजाराची

हिवतापाची औषधे एकामागून एक निकामी होत आहेत. फाल्सिपेरम जातीच्या घातक हिवतापावर एके काळी रामबाण ठरलेले क्लोरोक्विन जगाच्या बहुतेक भागांत निरुपयोगी झाले. त्याच्या जागी आलेल्या सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइनचीही तीच गत झाली. आणि आज ज्या आर्टेमिसिनिनवर कोट्यवधी गरीब रोग्यांचा जीव टांगलेला आहे, त्याच्याही पायाखालची जमीन सरकू लागली आहे. हा प्रश्न केवळ डॉक्टरांच्या परिषदांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात २६ कोटी ३० लाख लोकांना हिवताप झाला आणि ५ लाख ९७ हजार माणसे त्याला बळी पडली. शंभरांपैकी पंचाण्णव मृत्यू आफ्रिकेत झाले, आणि त्यांतील बहुसंख्य पाच वर्षांखालील बालकांचे होते.

या संहाराची दोन ठरावीक स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले स्पष्टीकरण विज्ञानाचा आव आणते : जंतूंच्या जनुकांत उत्परिवर्तन होते, त्यामुळे औषध लागू पडत नाही, हा निसर्गाचा नियम, त्याला कोण काय करणार? दुसरे स्पष्टीकरण नीतिपाठाचा आव आणते : गरीब माणूस अडाणी, गोळ्यांचा क्रम पुरा करीत नाही, बरे वाटले की औषध टाकून देतो, दोष त्याचाच. एक स्पष्टीकरण खापर निसर्गावर फोडते, दुसरे रोग्यावर. औषध कोणी बनवले, कोणत्या किमतीला विकले, कोणत्या मात्रेत आणि कोणाच्या आदेशाने वाटले, हा प्रश्न दोन्ही स्पष्टीकरणे सफाईने टाळतात. नेमका तोच प्रश्न विचारणे हे श्रमिक जनतेच्या चळवळीचे काम आहे. उत्परिवर्तन निसर्गात घडते, हे खरे. परंतु कोट्यवधी जंतूंमधून कोणता वाचेल, वाढेल आणि खंडोखंडी पसरेल, याची निवड समाजव्यवस्था करते.

औषध उत्परिवर्तन घडवीत नाही

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो पुरोगामी वर्तुळांतही आढळतो. औषधाची जंतूला 'सवय' होते, औषधाशी झुंजता झुंजता जंतू स्वतःला बदलतो आणि तो बदल पुढच्या पिढीला देतो, असे पुष्कळांना वाटते. ही समजूत चुकीची आहे. १९४३ साली लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी जिवाणूंवरील प्रयोगाने दाखवून दिले, की घातक विषाणूला पुरून उरणारी उत्परिवर्तने त्या विषाणूशी गाठ पडण्यापूर्वीच, निव्वळ योगायोगाने घडलेली असतात. हिवतापाच्या जंतूलाही तोच नियम लागू आहे. औषध नवा गुण निर्माण करीत नाही. ते गुण नसलेल्यांना मारते, आणि ज्या थोड्यांपाशी तो गुण आधीच असतो त्यांच्यासाठी रान मोकळे करते.

याचा हिशेब समजण्याजोगा आहे. फाल्सिपेरम जंतूच्या चौदा गुणसूत्रांत मिळून जनुकीय लिपीची सुमारे २ कोटी ३० लाख अक्षरे असतात. जंतूचे विभाजन होताना ही लिपी नकलून घेतली जाते आणि नकलताना चुका होतात. एखादे विशिष्ट अक्षर चुकण्याचा संभव ढोबळमानाने शंभर कोटींत एक. हा आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु तापाने फणफणलेल्या एका रोग्याच्या शरीरात जंतूंची संख्या एक लाख कोटींपर्यंत जाऊ शकते. म्हणजे कोणतीही एक चूक अंगी असलेले हजारभर जंतू त्या एकाच शरीरात असू शकतात, मग त्याने औषधाची गोळी कधी पाहिलेली असो वा नसो.

याच हिशेबातून औषधोपचाराचे मूलभूत तत्त्व निघते. एकट्या औषधातून निसटण्यास एकच चूक पुरत असेल, तर निसटणारे जंतू पहिल्याच रोग्यात तयार असतात. परंतु वेगवेगळ्या मार्गांनी मारणारी दोन औषधे एकाच वेळी पुऱ्या मात्रेत दिली, तर दोन्ही चुका एकाच जंतूत एकत्र याव्या लागतात. तसा जंतू दहा लाख रोग्यांच्या शरीरांत मिळून एखादाच सापडेल. एकट्या औषधाची विक्री आणि संयुक्त औषधाचा उपचार यांत असा दहा लाख पटींचा फरक आहे. ज्यांनी हा फरक जाणूनही एकटी औषधे विकली, त्यांना निसर्गनियमाच्या आड लपण्याचा अधिकार नाही.

कम्युनिस्ट चळवळीला या विषयात एक कटू धडाही मिळालेला आहे आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. परिस्थितीमुळे अंगी आलेले गुण थेट वारशाने उतरतात असे प्रतिपादन करणाऱ्या लिसेंकोच्या मताला १९४८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत कृषिविज्ञान अकादमीच्या अधिवेशनात अधिकृत शिक्कामोर्तब मिळाले. त्यापूर्वीच, १९४३ साली, वाविलोव्हसारखा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ सारातोव्हच्या तुरुंगात मरण पावला होता. जनुकशास्त्राला 'बुर्झ्वा' ठरवून झालेली ती हानी भरून काढण्यास सोव्हिएत विज्ञानाला दीर्घकाळ लागला. निसर्गातील योगायोग नाकारला म्हणजे भौतिकवाद बळकट होतो, ही कल्पनाच मुळात चुकीची होती. एंगेल्सने 'डायलेक्टिक्स ऑफ नेचर'मध्ये योगायोग आणि अपरिहार्यता यांच्या परस्परसंबंधाची चर्चा करताना डार्विनचाच दाखला घेतला आहे. उत्परिवर्तन हा योगायोग. त्याचा प्रसार हा परिस्थितीचा अपरिहार्य परिणाम. या दोहोंतील संबंध ज्याने ओळखला, त्यालाच परिस्थिती बदलण्याची जागाही सापडते.

क्लोरोक्विनची कहाणी

क्लोरोक्विन १९३४ साली जर्मनीत बायरच्या प्रयोगशाळेत हान्स आंडरसाग याने तयार केले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते स्वस्त, सुरक्षित आणि झटपट गुण देणारे औषध म्हणून जगभर पोचले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर आणि दक्षिण अमेरिकेतील कोलंबियात त्याला न जुमानणारे जंतू आढळले. आफ्रिकेत ते १९७० च्या दशकाच्या शेवटी दिसले. भारतात पहिली नोंद १९७३ साली आसाममध्ये झाली.

या प्रतिकाराचे जनुकीय मूळ २००० साली सापडले. सातव्या गुणसूत्रावरील एका जनुकात बदल झाला, की जंतूच्या पाचक पोकळीच्या पडद्यात बसलेल्या प्रथिनाच्या ७६ व्या स्थानावर लायसिनऐवजी थ्रिओनिन येते. मग तेच प्रथिन क्लोरोक्विनला त्या पोकळीबाहेर ढकलून देते. परंतु हा बदल एकटा पुरत नाही. त्याच प्रथिनात आणखी काही बदल जुळून यावे लागतात. म्हणूनच क्लोरोक्विनचा प्रतिकार गावोगावी नव्याने जन्मला नाही. जगात मोजक्याच ठिकाणी तो जन्मला आणि तेथून पसरला. आफ्रिकेतील मुलांना मारणाऱ्या क्लोरोक्विन-प्रतिकारक जंतूंचा वंश आग्नेय आशियातून आलेला आहे, हे जनुकांच्या अभ्यासाने सिद्ध झाले आहे. आफ्रिकेतील एखाद्या आईने आपल्या लेकराला दोन गोळ्या कमी दिल्या म्हणून हा प्रतिकार जन्मला, हा आरोप त्यामुळे मुळातच ढासळतो.

तो आग्नेय आशियात का जन्मला? योगायोगाचा भाग होताच. पण त्या योगायोगाला पोसणारी परिस्थितीही होती. १९५० च्या दशकात ब्राझीलमध्ये मारिओ पिनोत्ती याने जेवणाच्या मिठात क्लोरोक्विन मिसळून लोकांना खाऊ घालण्याची योजना काढली. डॉक्टर नको, दवाखाना नको, कार्यकर्ते नकोत; मीठ वाटले की काम उरकले. कंबोडियाच्या पश्चिम सीमेवर, पैलिनच्या रत्नखाणींच्या प्रदेशातही औषधी मिठाचा असाच प्रयोग १९६० च्या दशकाच्या आरंभी झाला. माणूस मीठ किती खाईल याला मोजमाप नाही. तेव्हा जंतू मारण्यास अपुरी, पण दुबळ्या जंतूंना हटवून निबर जंतूंना वाव देण्यास पुरेशी अशी औषधाची मात्रा हजारो लोकांच्या रक्तात सतत खेळत राहिली. या मिठाने प्रतिकाराचा प्रसार लवकर झाला, असा निष्कर्ष पुढे तज्ज्ञांनीच मांडला. येथे एखाद्या कंपनीचे कारस्थान शोधण्याची गरज नाही. लोकांसाठी आरोग्यव्यवस्था उभारण्याऐवजी तिचा स्वस्त पर्याय शोधणारी दृष्टीच येथे गुन्हेगार आहे.

शिवाय पैलिन हा स्थलांतरित मजुरांचा मुलूख. जेथे हिवताप नाही अशा गावांतून येणाऱ्या, रोगाशी झुंजण्याची शक्ती अंगी नसलेल्या मजुरांचे तांडे खाणीत येत, आजारी पडत, दुकानदाराकडून मिळतील त्या गोळ्या घेत आणि जंतू बरोबर घेऊन परत जात. अमेरिकेच्या बॉम्बवर्षावाने कंबोडिया उद्ध्वस्त केला आणि १९७५ ते १९७९ या काळातील पोल पॉटच्या राजवटीने उरलीसुरली आरोग्ययंत्रणा नष्ट केली. प्रतिकाराची एकामागून एक लाट याच कोपऱ्यातून का उठली, याचे उत्तर तेथील जंतूंच्या जनुकांत जितके आहे, तितकेच तेथील माणसांच्या इतिहासात आहे.

कळत असून वळले नाही

क्लोरोक्विन मेले, तरी त्याचे प्रेत विकणे थांबले नाही. सेनेगलसारख्या देशात क्लोरोक्विनचा प्रतिकार पसरल्यावर पाहणीखालील भागांत मुलांचे हिवतापाने होणारे मृत्यू दुपटीहून अधिक वाढले, हे १९९८ सालीच प्रसिद्ध झाले होते. आर्टेमिसिनिनवर आधारित संयुक्त औषधे त्या वेळी अस्तित्वात होती. अडचण किमतीची होती. क्लोरोक्विनचा उपचार काही सेंटांत होई. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेशी झालेल्या करारानुसार नोव्हार्टिस कंपनीने आपल्या संयुक्त औषधाचा प्रौढांसाठीचा क्रम २ डॉलर ४० सेंट या, तिच्या म्हणण्याप्रमाणे ना-नफा असलेल्या, किमतीला देऊ केला. तेवढी रक्कमही दाती राष्ट्रांना जड वाटली.

२००४ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात शास्त्रज्ञांच्या एका गटाने उघड आरोप केला, की जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक निधी हे निकामी ठरलेल्या क्लोरोक्विन व सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइनसाठी आफ्रिकी देशांना पैसे देत आहेत आणि हा वैद्यकीय कर्तव्यच्युतीचा प्रकार आहे. आरोप करणारे कोणी क्रांतिकारक नव्हते, प्रस्थापित संस्थांतले संशोधक होते. त्यानंतर धोरण बदलले. पण प्रतिकार सिद्ध होणे आणि धोरण बदलणे यांच्या मधल्या वर्षांत जी बालके गेली, त्यांना उत्परिवर्तनाने मारले असे म्हणणे म्हणजे अर्धसत्य सांगणे होय. मारेकरी औषध ठाऊक होते, तारक औषधही ठाऊक होते. दोहोंमध्ये दोन डॉलरांची भिंत होती.

लोकांच्या विज्ञानाची कमाई आणि बाजाराची उधळपट्टी

आर्टेमिसिनिनचा जन्म बाजारात झाला नाही. अमेरिकन साम्राज्यवादाशी लढणाऱ्या उत्तर व्हिएतनामचे सैनिक गोळ्यांइतकेच हिवतापाने मरत होते. त्यांच्या विनंतीवरून चीनने २३ मे १९६७ रोजी एक गुप्त संशोधन प्रकल्प सुरू केला. तारखेवरूनच त्याला '५२३' हे नाव पडले. देशभरातील अनेक संस्थांचे शेकडो संशोधक त्यात गुंतले. त्यांतील तू योयो या संशोधिकेला चौथ्या शतकातील वैद्य ग हुंग याच्या ग्रंथात चिंगहाओ ही वनस्पती पाण्यात भिजवून रस पिळण्याचा उल्लेख मिळाला. उष्णतेने गुण नष्ट होत असावा हे त्यावरून ताडून तिने कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला, आणि १९७१ च्या ऑक्टोबरात प्राण्यांमधील जंतूंवर तो पूर्ण यशस्वी ठरला. या कामासाठी २०१५ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. सार्वजनिक पैशाने, सामूहिक श्रमाने आणि एका मुक्तियुद्धाच्या गरजेतून मानवजातीला हे औषध मिळाले.

पुढे त्याचे काय झाले? आर्टेमिसिनिन जंतूंचा फडशा वेगाने पाडते, परंतु शरीरात काही तासच टिकते. म्हणून त्याच्यासोबत दीर्घकाळ टिकणारे दुसरे औषध हवेच. तरीही अनेक देशांतील कंपन्या, त्यांत भारतीय कंपन्याही आल्या, एकट्या आर्टेमिसिनिनच्या गोळ्या बाजारात खपवीत राहिल्या. कारण उघड होते : एकटी गोळी बनविण्यास सोपी, विकण्यास स्वस्त, आणि ताप लगेच उतरत असल्याने गिऱ्हाईक खूष. २००६ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेला कंपन्यांना जाहीरपणे सांगावे लागले, की ही विक्री थांबवा. २००७ साली जागतिक आरोग्य सभेला तसा ठराव करावा लागला. आणि २००८-०९ मध्ये पश्चिम कंबोडियातून, त्याच पैलिन भागातून, बातमी आली, की आर्टेमिसिनिन दिल्यावरही जंतू रक्तातून पूर्वीच्या वेगाने नाहीसे होत नाहीत.

त्याचे जनुकीय चिन्ह पुढे सापडले, ते तेराव्या गुणसूत्रावरील केल्च-१३ या जनुकात. कंबोडियात सर्वाधिक फोफावलेल्या उत्परिवर्तनात त्याच्या प्रथिनाच्या ५८० व्या स्थानावर सिस्टीनऐवजी टायरोसिन येते. २०२० साली रवांडामध्ये आणि २०२१ साली युगांडामध्ये याच जनुकातील वेगळी उत्परिवर्तने जम धरत असल्याचे प्रसिद्ध झाले. ही आशियातून आलेली नाहीत, आफ्रिकेतच उपजलेली आहेत. म्हणजे सीमेवर पहारा बसवून हा प्रश्न सुटणार नाही. जेथे जेथे निवडीची तीच परिस्थिती आहे, तेथे तेथे तोच परिणाम घडणार.

आणि ज्या वेळी या उत्परिवर्तनांवर सर्वाधिक डोळस पहारा हवा होता, नेमक्या त्याच वेळी, २०२५ च्या जानेवारीत, अमेरिकन सरकारने परकीय मदत गोठवली. श्रीमंत राष्ट्राच्या मर्जीवर लटकलेली आरोग्यव्यवस्था ही व्यवस्था नव्हे, भिक्षा होय. आणि भिक्षा कधीही बंद होऊ शकते.

रोग्यावरील आरोपाचे काय?

अपुरी मात्रा प्रतिकाराला पोसते, हे नाकारण्याचे कारण नाही. विज्ञान तेच सांगते. वाद आहे तो मात्रा अपुरी का पडते, याविषयी. रोजंदारीवरचा मजूर तीन दिवसांच्या गोळ्यांपैकी दोन दिवसांच्याच विकत घेतो, कारण तेवढेच पैसे त्याच्या कनवटीला असतात. उरलेल्या दोन गोळ्या घरात दुसरे पोर तापले तर म्हणून ठेवल्या जातात. सरकारी केंद्र दहा कोसांवर, आणि तेथवर जायचे तर एका दिवसाची मजुरी बुडवावी लागते. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी एकदा त्या मजुराच्या मिळकतीत औषधपाणी करून दाखवावे.

आणि ज्याने पुरा क्रम विकत घेतला त्याची तरी खात्री काय? २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आग्नेय आशियातील दुकानांतून घेतलेल्या आर्टेसुनेटच्या नमुन्यांपैकी ३८ टक्के नमुन्यांत आर्टेसुनेट मुळीच नव्हते. ज्यात औषध अजिबात नाही ती गोळी रोग्याला मारते. ज्यात थोडे आहे ती प्रतिकारक जंतूंची निवड करते. दोन्ही गोळ्या रोग्याने बनविलेल्या नसतात.

मलावीचा पुरावा

हे सारे निसर्गाचे अटळ चक्र आहे असे म्हणणाऱ्यांना आफ्रिकेतील एका लहानशा, दरिद्री देशाने उत्तर दिले आहे. मलावीने १९९३ साली देशभर क्लोरोक्विन बंद केले आणि दुसरे औषध आणले. तो निर्णय सरकारी होता आणि सर्वत्र लागू झाला. १९९२ साली तेथील सुमारे ८५ टक्के जंतूंत ७६ व्या स्थानावरील ते उत्परिवर्तन होते. २००० साली ते प्रमाण १३ टक्क्यांवर आले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्लोरोक्विन दिलेल्या ८० मुलांपैकी एकच वगळता सर्वांना गुण आला. ज्या औषधाला मृत घोषित केले होते, ते तेथे पुन्हा जिवंत झाले.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. औषध असते तोवर उत्परिवर्तित जंतूचा फायदा. औषध नसेल तर त्याच उत्परिवर्तनाचे ओझे, आणि साधा जंतू त्याच्यावर मात करतो. निवडीची दिशा माणसाने बदलली आणि निसर्गाने ती पाळली. एकट्यादुकट्या रोग्याला किंवा डॉक्टरला हे साधले नसते. साऱ्या देशाने एका वेळी, एका धोरणाने वागल्यामुळेच ते साधले. नियोजन निरर्थक आहे असे सांगणाऱ्यांनी हा प्रयोग ध्यानात ठेवावा.

माणसाच्या रक्तातील उत्परिवर्तन

औषध आणि उत्परिवर्तन यांच्या संबंधाला दुसरी बाजूही आहे. निवड केवळ औषध जंतूची करते असे नाही. हिवतापाने हजारो वर्षे माणसाचीही निवड केली आहे. ही कल्पना प्रथम ठामपणे मांडली ती जे. बी. एस. हॉल्डेन यांनी, १९४८-४९ साली. हे हॉल्डेन ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाच्या 'डेली वर्कर'मध्ये कामगारांसाठी विज्ञानावर लिहीत. लिसेंको प्रकरणानंतर ते पक्षापासून दूर झाले, १९५७ साली भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे निवर्तले. रक्ताचे काही आनुवंशिक विकार हिवतापाच्या प्रदेशांत अधिक आढळतात, कारण ते अर्ध्या प्रमाणात असलेल्या माणसाला हिवतापापासून संरक्षण मिळते, हा त्यांचा तर्क होता. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी सिकलसेलच्या बाबतीत त्याला पुरावा दिला.

अशाच एका वारशाची किंमत आज आदिवासी मोजीत आहेत. व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापाचे जंतू यकृतात दडून राहतात आणि पुन्हा पुन्हा उलटतात. त्यांना समूळ काढण्यासाठी भारतात प्रायमाक्विन चौदा दिवस द्यावे लागते. परंतु ज्यांच्या रक्तपेशींत जी-६-पीडी या विकराची उत्परिवर्तनामुळे कमतरता असते, त्यांच्या रक्तपेशी या औषधाने फुटतात. हे ज्ञान १९५६ साली प्रसिद्ध झाले, आणि ते मिळाले अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या स्टेटव्हिल तुरुंगातील कैद्यांवर हिवतापाचे प्रयोग करून. औषधाने प्रामुख्याने कृष्णवर्णीय कैद्यांचे रक्त फुटले आणि जगाला विकराचा पत्ता लागला. त्या रक्ताची किंमत देऊन मिळालेली साधी तपासणी आज, इतक्या दशकांनंतरही, गडचिरोलीच्या किंवा बस्तरच्या जंगलातील गावापर्यंत क्वचितच पोचते. परिणामी एक तर धोका पत्करून औषध द्यायचे, नाही तर भीतीने ते टाळून रोग कायम ठेवायचा. दोन्ही पर्यायांचा भार आदिवासीच वाहतो. त्याच्या रक्तातील उत्परिवर्तन हा त्याचा दोष नाही. ते त्याच्या पूर्वजांनी हिवतापाशी दिलेल्या झुंजीची खूण आहे. दोष आहे तो तपासणी न करणाऱ्या व्यवस्थेचा.

भारतापुढील इशारा आणि कार्य

भारतात रुग्णसंख्या घटली आहे, हे मान्य केले पाहिजे. सर्वाधिक भार असलेल्या देशांच्या गटातून जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली भारताला वगळले. पण आत्मसंतुष्ट होण्यापूर्वी जुना इतिहास आठवावा. १९४७ साली देशात सुमारे साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू होत असा अंदाज आहे. १९५३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने १९६५ पर्यंत रुग्णसंख्या एक लाखावर आणली. विजयाचे नगारे वाजले, यंत्रणा सैल पडली, आणि १९७६ साली पुन्हा ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. आज आसामपासून ईशान्येच्या साऱ्या सीमेवर प्रतिकाराचे सावट आहे. सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइनविरुद्धची उत्परिवर्तने वाढल्यामुळे ईशान्य राज्यांतील संयुक्त औषध २०१३ साली बदलावे लागले.

अशा वेळी सार्वजनिक औषधनिर्मिती बळकट करायची की मोडायची? २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने आयडीपीएल बंद करण्याचा आणि पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स व आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी उभारलेली बेंगॉल केमिकल्स विकण्याचा निर्णय घेतला. कामगारांनी त्याविरुद्ध लढा दिला. २०२० साली करोनाच्या साथीत हिवतापाच्या जुन्या औषधासाठी एकच धावपळ उडाली, तेव्हा सर्वांना याच बेंगॉल केमिकल्सची आठवण झाली!

म्हणून या प्रश्नावर कार्यकर्त्यांनी ठोस मागण्या घेऊन उभे राहिले पाहिजे. हिवतापाचे संपूर्ण औषध, पुऱ्या मात्रेत, सार्वजनिक यंत्रणेतून मोफत मिळाले पाहिजे. एकट्या आणि निकृष्ट गोळ्यांचा व्यापार करणाऱ्यांना शिक्षा झाली पाहिजे. औषधनिर्मितीचे सार्वजनिक कारखाने वाचवून त्यांचा विस्तार केला पाहिजे. जंतूंच्या जनुकांची तपासणी नियमित होऊन तिचे निष्कर्ष जिल्हावार जाहीर झाले पाहिजेत. २०२३ साली सुरू झालेल्या सिकलसेल मोहिमेत आदिवासींचे रक्त तपासले जातेच. त्याच वेळी जी-६-पीडीची तपासणीही झाली पाहिजे. गावोगाव रक्त तपासून गोळ्या देणाऱ्या आशा कार्यकर्त्यांना तुटपुंज्या मोबदल्याऐवजी कामगाराचा दर्जा आणि वेतन मिळाले पाहिजे, कारण औषधाचा चौदावा दिवस पुरा होतो की नाही हे त्यांच्या पायपिटीवर ठरते. खाणी, धरणे, रस्ते आणि वीटभट्ट्या येथील स्थलांतरित मजुरांच्या तपासणीचा व आजारपणातील मजुरीचा खर्च मालकांवर बसविला पाहिजे.

जंतूच्या लिपीतील चुका कोणी थांबवू शकत नाही. त्या उद्याही होतील. पण त्या चुकांना खंडोखंडी पसरण्याची वाट ज्यांनी मोकळी केली, त्यांचे हात रोखता येतात. मलावीने ते दाखवून दिले आहे. प्रश्न विज्ञानाच्या सामर्थ्याचा उरलेला नाही. औषध कोणाच्या हाती राहणार, नफ्याच्या की जनतेच्या, हा आहे. आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेत नव्हे, संघटित लढ्यातच मिळणार आहे.